हब दुरुस्त करावा की बदलावा?

सायकलचा हब, म्हणजे चाकाच्या मध्यावरचा भाग, म्हटले की डोळ्यांसमोर एकच वस्तू येते, पण प्रत्यक्षात त्यात वेगवेगळ्या आयुष्याच्या दोन गोष्टी एकत्र नांदत असतात. एक म्हणजे हबची बॉडी, जिच्या दोन्ही टोकांच्या फ्लँजमध्ये, म्हणजे भोके असलेल्या कड्यांमध्ये, चाकाच्या तारा अडकवलेल्या असतात. आणि दुसरी म्हणजे तिच्या पोटातले ॲक्सल (मधला दांडा), कोन (ॲक्सलवर आट्यांनी बसणारा, छर्रे ज्यावर धावतात तो शंकूसारखा भाग), छर्रे, वॉशर आणि चेकनट (कोन जागी पक्का धरणारा नट) हे सुटे भाग. सुटे भाग झिजतील आणि बदलावे लागतील हे धरूनच हबची रचना केलेली असते. बॉडीचे तसे नाही. ती तारांनी रिमला बांधलेली असते आणि ती बदलायची म्हणजे अख्खे चाक सोडवून नव्याने तारा भरायच्या. त्यामुळे बिघाड सुट्या भागांत आहे की बॉडीत, हे कळेपर्यंत दुरुस्ती की बदल या प्रश्नाला उत्तरच नसते, आणि हे कळायला हब उघडावा लागतो.

माझ्या सायकलच्या मागच्या चाकाने अलीकडे हाच प्रश्न उभा केला. पेडल मारताना घरघर जाणवत होती, आणि पेडल थांबवून सायकल नुसती पळू दिली तरी ती कमी होत नव्हती. म्हणजे दोष साखळीत किंवा पेडलकडच्या बेअरिंगमध्ये असण्याची शक्यता जवळपास मिटली. सायकल उलटी करून चाक फिरवले आणि सीटकडून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीवर बोटे टेकवली, तेव्हा ती घरघर बोटांना स्पष्ट लागली. या कामात कानांपेक्षा बोटे अधिक विश्वासू असतात, कारण बेअरिंगमधला लहानसा खरखराटही चौकटीच्या नळ्यांतून थेट पोचतो. रिम धरून आडवी हलवल्यावर थोडा प्लेही (सैलपणा) होता, आणि चाक कोणत्याही स्थितीत थांबवले तरी तो सारखाच होता. चाकाचा नुसता आऊट असता तर रिम फिरताना डावी-उजवी झाली असती, पण थांबलेल्या चाकात असा खुळखुळाट जाणवला नसता.

चाक चौकटीतून काढून ॲक्सल बोटांच्या चिमटीत धरावा आणि अगदी सावकाश फिरवावा. इतके केले तरी हब आपल्याविषयी पुष्कळ काही सांगून जातो. सगळ्या फेऱ्यात एकसारखी बारीक खरखर लागली, तर आत धूळ गेली आहे किंवा ग्रीस वाळले आहे, आणि बऱ्याचदा साफसफाईवर भागते. ॲक्सल ठरावीक जागी अडखळत असेल, तर कोनावर किंवा कपात (कोनासमोरची, छर्रे बसतात ती वाटी) खड्डे पडलेले असू शकतात. मात्र कोन गरजेपेक्षा जास्त घट्ट आवळलेले असले तरी अगदी असाच अनुभव येतो, आणि कारखान्यातून आलेल्या कित्येक नव्या चाकांतही ते तसे आवळलेले सापडतात. म्हणून आधी कोन किंचित सैल करून पुन्हा फिरवून पाहावे. तिसरा प्रकार म्हणजे अर्ध्या फेऱ्यात घट्ट आणि उरलेल्या अर्ध्यात ढिले, अशी लय लागणे. ते वाकलेल्या ॲक्सलचे लक्षण असते, कारण वाकलेल्या ॲक्सलवर दोन्ही कोन एका रेषेत राहत नाहीत आणि कितीही ॲडजस्ट केले तरी एका जागी प्ले गेला की दुसऱ्या जागी हब आवळतो. ॲक्सल बाहेर काढून काचेवर घरंगळत सोडला की उरलेली शंकाही फिटते.

हब न उघडताच ‘हब गेला’ असा निकाल देणाऱ्यांच्या मताला मी फारशी किंमत देत नाही. उघडण्याचे काम मोठेही नाही. कप-कोन प्रकारच्या मागच्या हबसाठी साधारणपणे १५ मिमीचा पातळ कोन-पाना आणि चेकनटासाठी १७ मिमीचा पाना लागतो. पुढच्या हबच्या कोनासाठी बहुतेक वेळा १३ मिमीचा. साधा पाना कोनाच्या अरुंद सपाट बाजूवर बसतच नाही, कारण तिथे जेमतेम दोन मिलिमीटरची जागा असते. एका बाजूचा चेकनट, वॉशर आणि कोन काढले की ॲक्सल दुसऱ्या बाजूने बाहेर येतो आणि छर्रे गळू लागतात, म्हणून खाली कापड अंथरलेले असावे. मागच्या हबमध्ये बहुतेक वेळा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीचे ९ छर्रे प्रत्येक बाजूला असतात. पुढच्यात ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिमीचे १०. छर्रे जुने असतील तर ते चांगले दिसत असले तरी सरसकट बदलावेत. नव्या-जुन्यांची सरमिसळ केली तर व्यासातल्या अत्यंत सूक्ष्म फरकामुळे सगळा भार मोजक्या छर्र्यांवर पडतो, आणि छर्रे हा हबमधला सर्वांत स्वस्त भाग असल्याने तिथे काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

माझ्या हबचे ग्रीस बाहेर आले तेव्हा ते करडे झालेले होते आणि त्यात चमचमणारे कण होते. ते कण म्हणजे झिजलेले पोलाद. उजवा कोन रॉकेलने धुऊन उजेडात धरला, तेव्हा छर्रे ज्या पट्ट्यावरून धावतात त्याच्या साधारण एक तृतीयांश भागात पृष्ठभागाचे टवके उडालेले होते आणि उरलेला भाग मात्र जवळजवळ आरशासारखा होता. कोनाची झीज अशी एकाच अंगाला होण्याला कारण आहे. चाक फिरते, ॲक्सल फिरत नाही. सायकलस्वाराचा भार ॲक्सलला सतत खाली दाबत असतो, त्यामुळे कोनाची खालची बाजूच जन्मभर मार खाते. कप बॉडीबरोबर फिरत असल्याने त्याच्या पूर्ण परिघावर हा भार वाटला जातो. शिवाय कपाचा पृष्ठभाग छर्र्याला कवेत घेणारा, तर कोनाचा पृष्ठभाग परिघाच्या दिशेने बाहेर फुगलेला असतो, आणि त्यामुळे छर्र्याचा कोनाशी होणारा स्पर्श अगदी चिमुकल्या जागेत होतो. या दोन्ही कारणांनी बहुतेक हबांत आधी कोन जातो आणि मग कप. ही आपल्या फायद्याचीच गोष्ट आहे, कारण कोन सुटा मिळतो. अगदीच अडचण असेल तर जुना कोन अर्धा फेरा फिरवून, त्याची चांगली बाजू भाराखाली येईल असा बसवून काही दिवस काढता येतात, पण तो उपाय नवा कोन हातात येईपर्यंतचाच.

खरी कसोटी कपाची. कप खोल असतो, त्यात सावली पडते आणि डोळ्यांना खड्डा आणि डाग यांतला फरक नेमका कळत नाही. यासाठी मेकॅनिक लोक वापरतात ती युक्ती सोपी आहे: बॉलपेनचे टोक कपातल्या धावपट्टीवरून हलक्या हाताने फिरवायचे. टोकाचा छर्रा एखाद्या मिलिमीटरहूनही लहान असल्याने, डोळ्यांना न दिसलेला खड्डाही हाताला लगेच कळतो. डाव्या कपात पेन अडखळले नाही. तिथे छर्र्यांनी घासून चकचकीत केलेली एक रेघ होती, आणि अशी रेघ म्हणजे बिघाड नव्हे, ती छर्र्यांची वाटच असते. उजव्या कपात मात्र टोक दोन ठिकाणी स्पष्टपणे अडले.

इथे बरेच लोक हात टेकतात, कारण बहुतेक हबांत कप बॉडीत दाबून बसवलेला असतो आणि तो सुटा मिळत नाही. कॅम्पाग्नोलोच्या काही हबांत कप बदलता येतात, पण तो अपवाद म्हणायला हवा. कपात खड्डे म्हणजे बॉडी बाद, असा सरळ हिशेब मांडला जातो, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. परंतु शिमानोच्या, आणि त्याच धर्तीवर बनलेल्या इतरही अनेक कप-कोन हबांच्या मागच्या चाकात एक मोठी सवलत दडलेली आहे: उजव्या बाजूचा कप बॉडीत नसून फ्रीहबमध्ये असतो. शिमानोने १९७८ साली फ्रीहब आणला तेव्हा दातेरी चकत्यांचा संच आणि तो एका दिशेला मोकळा फिरू देणारी खटक्यांची यंत्रणा हबचाच भाग झाली, आणि उजवे बेअरिंग त्या यंत्रणेच्या बाहेरच्या टोकाशी, चौकटीच्या जवळ सरकले. हा फ्रीहब पोकळ बोल्टने बॉडीला आवळलेला असतो. ॲक्सल काढल्यावर, पुष्कळ हबांत १० मिमीची ॲलन की आत घालून तो सोडवता येतो. म्हणजे माझ्या हबमध्ये जो कप खराब झाला होता, तोसुद्धा सुट्या भागांतच मोडत होता.

हे कळले नसते तर मी चांगले चाक सोडवायला घेतले असते. मागच्या हबची उजवी बाजूच आधी थकते हेही लक्षात घेण्याजोगे आहे, कारण साखळीचा ताण त्याच बाजूला येतो आणि साखळीवरून उडणारी घाणही तिथेच. ज्या बाजूचा कप बदलता येतो तीच बाजू लवकर जाते, हा योगायोग असो वा योजना, सायकल वापरणाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

फ्रीव्हील (चकत्या आणि खटके एकत्र असलेला सुटा भाग) आट्यांवर चढवण्याच्या जुन्या पद्धतीच्या हबमध्ये मात्र नेमकी उलटी स्थिती असते. तिथे उजवे बेअरिंग फ्लँजजवळ आतच राहते आणि सहा-सात चकत्यांचे फ्रीव्हील त्याच्या बाहेर बसते, त्यामुळे बेअरिंगपासून चौकटीपर्यंतचा ॲक्सलचा बराच मोठा तुकडा आधाराशिवाय लोंबतो. असे ॲक्सल वाकतात आणि शेवटी मोडतात. ॲक्सल बदलणे स्वस्त आहे, पण वरचेवर बदलावा लागत असेल तर दोष ॲक्सलचा नसून रचनेचा आहे हे मान्य करून फ्रीहब असलेले चाक घेणे शहाणपणाचे ठरते. त्याआधी चौकटीच्या खाचा, म्हणजे ॲक्सल जिथे अडकतो त्या जागा, एकमेकींना समांतर आहेत ना हे तपासून घ्यावे. त्या तिरक्या असतील तर नट आवळताच ॲक्सल वाकवला जातो, आणि मग कोणताही हब आणला तरी त्याची गत तीच होते. रुंदीचाही प्रश्न येतो: जुन्या चौकटी १२६ मिमीच्या, त्यानंतरच्या रस्त्यावरच्या सायकली १३० मिमीच्या आणि माउंटन सायकली १३५ मिमीच्या हबसाठी बनत आल्या आहेत. पोलादी चौकट चार मिलिमीटर फाकवणे जमण्यासारखे असते. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या चौकटीवर तो प्रयोग करू नये.

सुटे भाग मिळवणे हे वाटते तितके सरळ काम नाही. कोन दिसायला सारखे असतात, पण त्यांची लांबी, धावपट्टीची गोलाई, धूळ अडवणाऱ्या टोपणाची जागा आणि आटे वेगवेगळे असू शकतात, म्हणून जुना कोन हातात घेऊनच नवा निवडावा. आट्यांचा एक सापळा विशेष सांगण्यासारखा आहे. पुष्कळ मागच्या हबांचे ॲक्सल १० मिमी जाडीचे आणि १ मिमी अंतराच्या आट्यांचे असतात, तर काही जुन्या पद्धतीच्या हबांचे ३/८ इंची आणि इंचाला २६ आट्यांचे. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमीच्या आसपास, आणि २६ आटे म्हणजे दोन आट्यांत जेमतेम एक मिलिमीटर. दोन्हींत फरक इतका थोडा आहे की १० मिमीचा नट ३/८ इंची ॲक्सलवर सहज चढतो, आवळलाही जातो असे वाटते, आणि जोर दिला की आटे घेऊन निसटतो.

मी माझ्या हबचे भाग शोधायला लागलो तेव्हा जो हिशेब समोर आला, तो या व्यवहारात वारंवार दिसणारा आहे. फ्रीहब, उजवा-डावा कोन, ॲक्सल आणि टोपणे अशी सुट्या भागांची बेरीज केली तर ती त्याच मॉडेलच्या अख्ख्या नव्या हबच्या किमतीजवळ जाऊन पोचत होती. अशा वेळी नवा हब विकत घ्यावा, पण चाकात बसवू नये; त्याच्या पोटातले सगळे भाग काढून जुन्या बॉडीत घालावेत. यात तारांना हात लावावा लागत नाही, चाकाचा आऊट काढावा लागत नाही, आणि एका बैठकीत काम होते. मी तेच केले.

मग नवी बॉडीही सोबत आलीच आहे, तर तीच का बसवू नये, असे कुणीही विचारेल. मॉडेल तेच असल्याने जुन्या तारा मापाला बसल्या असत्या हेही खरे. पण त्यासाठी ३६ तारा सोडवायच्या, गंजून धरलेली निपले (तारा रिममध्ये आवळणारे छोटे नट) फिरवताना त्यांचे कोपरे झिजवायचे, एखाददुसरी तार मोडायची, आणि पुन्हा सगळ्यांना सारखा ताण द्यायचा. आणि मिळणार काय, तर एक नवा डावा कप, जो जुन्या हबमध्ये आधीच चांगला आहे. शिवाय वापरात असलेल्या तारांची वाकणे त्यांच्या भोकांत आणि फ्लँजच्या काठावर नीट बसलेली असतात. चाक सरळ आहे, ताण टिकून आहे, तर ते सोडवण्याला सबळ कारण हवे.

त्याच मॉडेलचा हब मिळेनासा झाला असेल आणि दुसराच हब घालायची वेळ आली, तर चित्र पूर्ण बदलते. आधी भोकांची संख्या जुळली पाहिजे. ३६ भोकांच्या रिमला ३२ भोकांचा हब निरुपयोगी आहे. संख्या जुळली तरी तारांची लांबी जुळेलच असे नाही, आणि ही गोष्ट लोकांच्या अंदाजात सहसा धरलेली नसते. लांबी ठरते ती रिमच्या आतल्या मापावर, फ्लँजवरील भोकांच्या वर्तुळाच्या व्यासावर, हबच्या मध्यापासून फ्लँज किती दूर आहे त्यावर, आणि प्रत्येक तार किती तारांना ओलांडून जाते त्यावर. उदाहरणादाखल, रिमचे तारांच्या हिशेबाचे माप ६०० मिमी, ३६ तारा, प्रत्येक तार तीन तारांना ओलांडणारी, आणि फ्लँज मध्यापासून ३५ मिमीवर असे धरू. भोकांचे वर्तुळ ४५ मिमीचे असेल तर तार सुमारे २९०.२ मिमीची लागते. तेच वर्तुळ ५८ मिमीचे झाले, जे डिस्क ब्रेकच्या हबांत नेहमी आढळते, तर ती सुमारे २८७.४ मिमीवर येते. फरक अवघा पावणेतीन मिलिमीटरांचा आहे. पण तारेच्या टोकाला आटे असतात साधारण १० मिमी लांबीचे, त्यामुळे पावणेतीन मिलिमीटर जास्त लांबीची तार निपलाच्या डोक्याबाहेर येऊन ट्यूबच्या दिशेने डोकावते, किंवा पुरेसा ताण येण्याआधीच तिचे आटे संपतात. उलट बाजूने तार आखूड पडली तर निपलाच्या डोक्यापर्यंत पोचत नाही आणि ताणाखाली निपल मानेपाशी तुटते. म्हणजे वेगळा हब घेतला की त्यासोबत सगळ्या तारा, निपले आणि चाक बांधण्याची मजुरी आली. एवढे सगळे जमेस धरल्यावर पुष्कळदा कारखान्यात बांधलेले पूर्ण चाकच स्वस्त पडते, आणि मग त्या चाकाच्या तारांचा ताण एकदा सारखा करून घेतला की झाले. रिम बदलणे याच्या तुलनेत सोपे असते, कारण सारख्या मापाची नवी रिम जुनीला चिकटपट्टीने बांधून एकेक तार इकडून तिकडे नेता येते. हब बदलताना अशी सोय नाही. मधला भागच काढायचा असल्याने सगळे मोकळे करावे लागते.

यातूनच निर्णयातला दुसरा मोठा घटक पुढे येतो, तो म्हणजे रिमचे उरलेले आयुष्य. ब्रेक रिमवर लागत असेल तर ब्रेकच्या रबराखालची भिंत दरवर्षी पातळ होत जाते. पट्टी आडवी धरून पाहिले की भिंत आत खोलगट झालेली दिसते, आणि अनेक रिमवर झीज दाखवणारी एक बारीक खाच असते, ती पुसट होत जाते. खाच नाहीशी झाली की रिम संपली. अशा संपत आलेल्या रिमसाठी हबवर खर्च करणे मला पटत नाही. तिथे खड्डे पडलेल्या कोनांवर आणखी थोडे दिवस काढावेत आणि मग पूर्ण चाक बदलावे. माझ्या रिमची खाच अजून निम्म्याहून अधिक खोल आहे. म्हणून दुरुस्तीचे पारडे जड झाले.

काही बिघाड मात्र असे असतात की तिथे हिशेब करण्याचे कारणच उरत नाही. फ्लँजला तडा गेला, मग तो दोन भोकांच्या मध्ये असो किंवा भोकापासून काठापर्यंत असो, तर हब त्याच दिवशी बाद. ॲल्युमिनियमच्या बॉडीला वेल्डिंग करून पुन्हा तारांचा ताण सोसायला लावणे हा वेडेपणा आहे. तडा गेलेली फ्लँज एकेका तारेचा आधार सोडते, मग शेजारच्या तारांवर जास्त ताण येतो, आणि चाक अचानक आपला आकार टाकते. हा तडा बहुतेक वेळा काजळी आणि तेलाच्या थराखाली लपलेला असतो, म्हणून हब उघडला आहेच तर फ्लँज पुसून, प्रत्येक भोकाभोवती भिंग धरून पाहावी. तारा सरळ रेषेत, एकमेकींना न ओलांडता भरलेल्या असतील तर जास्तच काळजीने पाहावी, कारण तशा रचनेत तार फ्लँजच्या काठाला थेट बाहेर खेचते आणि सगळेच हब तो ताण सोसण्यासाठी घडवलेले नसतात. पुढच्या चाकाच्या बाबतीत मी अधिक कडक असतो. मागचे चाक दगा देते तेव्हा सायकल आडवी होते; पुढचे दगा देते तेव्हा माणूस तोंडावर पडतो.

कार्ट्रिज बेअरिंगच्या, म्हणजे छर्रे आणि कडी एकत्र असलेले तयार बंद बेअरिंग बसवलेल्या, हबविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे गुंताच कमी आहे. बेअरिंगच्या रबरी झाकणावर क्रमांक छापलेला असतो आणि त्यावरून माप ठरते: ६९०२ म्हणजे १५ मिमीचे भोक, २८ मिमीचा बाहेरचा व्यास आणि ७ मिमीची जाडी, ६००१ म्हणजे १२, २८ आणि ८. ही मापे यंत्रसामग्रीच्या जगात सर्वत्र चालणारी असल्याने, हबची कंपनी राहो वा बुडो, बेअरिंग मिळते. जुने बेअरिंग हातोडीने ठोकून काढले तरी चालते, कारण ते टाकूनच द्यायचे असते. नवे बसवताना मात्र दाब त्याच्या बाहेरच्या कड्यावरच आला पाहिजे, आतल्या कड्यावर ठोकले तर छर्रे धावपट्टीत रुततात आणि बेअरिंग बसता बसताच खराब होते. अशा हबमध्ये दुरुस्ती हेच जवळपास नेहमीचे उत्तर असते. अपवाद एकच: बेअरिंग जिथे बसते ती बॉडीतली जागा सैल झाली असेल आणि नवे बेअरिंग बोटाने दाबले तरी आत जात असेल. किरकोळ ढिलेपणा बेअरिंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रावाने सांभाळता येतो, पण जागाच लंबगोल झाली असेल तर ती बॉडी संपली असे समजावे.

पेडल मारताना घसरणे हा वेगळा बिघाड आहे आणि तो हबच्या आयुष्याविषयी फारसे काही सांगत नाही. फ्रीहबमधले खटके दाट, वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकले की पुरेसे वर उठत नाहीत आणि दात पकडत नाहीत. पातळ तेलाने ते कधी कधी सुटतात, नाहीतर फ्रीहब बदलावा. चकत्या हातांनी हलवल्यावर थोड्या डुगडुगतात म्हणून मात्र घाबरू नये, तेवढा प्ले चांगल्या फ्रीहबमध्येही असतो. पोटात गिअर असलेल्या हबांचे शास्त्र निराळे आहे, पण एक उदाहरण या चर्चेत महत्त्वाचे वाटते. स्टर्मी-आर्चरचा एडब्ल्यू हा तीन गिअरचा हब १९३६ साली आला आणि कित्येक दशके त्याच्या मूळ रचनेत फारसा बदल झाला नाही. त्यामुळे एका हबचे भाग दुसऱ्याला चालतात, आणि फार जुना हबसुद्धा आज पुन्हा चालता करता येतो. दुरुस्तीची शक्यता धातूच्या दर्जावर जितकी अवलंबून असते, तितकीच भाग किती काळ एकाच मापाचे बनत राहिले यावरही असते. दरवर्षी नवे माप काढणाऱ्या उद्योगात ही गोष्ट विसरली जाते, आणि त्याचा मला राग येतो हे लपवण्याचे कारण नाही.

माझ्या चाकाचे काम करताना सर्वांत जास्त वेळ गेला तो शेवटच्या ॲडजस्टमेंटमध्ये, आणि तो तसाच जायला हवा. फ्रीहबचा बोल्ट जुन्या बॉडीत आवळताना भरपूर जोर लागतो, साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटर. चाकाला टायर असला की ते मांडीशी धरून हा जोर देणे सोपे जाते. कपात ग्रीस हात आखडता न घेता भरले, त्यात छर्रे एकेक करून बसवले आणि ॲक्सल घातला. कोन हाताने टेकवून चेकनट आवळला की ॲडजस्टमेंट थोडी बदलते, कारण चेकनट कोनाला आट्यांतल्या उरल्यासुरल्या फटीइतका आत ढकलतो. म्हणून कोन जरा सैल ठेवून सुरुवात करावी लागते. क्विक रिलीजच्या, म्हणजे नटाऐवजी लिव्हरने आवळण्याच्या, चाकात तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. तिथला ॲक्सल पोकळ असतो आणि लिव्हर आवळताच तो किंचित दाबला जातो, त्यामुळे हातात असताना ज्या हबमध्ये अजिबात प्ले नाही, तो चौकटीत आवळल्यावर घट्ट होतो. चाक मोकळे असताना जाणवेल न जाणवेल इतका प्ले ठेवावा आणि लिव्हर आवळल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. तो राहिला तर चाक काढून कोन किंचित, म्हणजे फेऱ्याच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याइतका फिरवून पुन्हा पाहावे. नवे कोन आणि छर्रे पहिल्या काही फेरफटक्यांत आपली वाट घासून घेतात आणि थोडा प्ले पुन्हा येतो, तेव्हा हीच तपासणी एकदा परत करायची आहे.

नव्या हबची रिकामी बॉडी मी पुसून, तिच्या डाव्या कपाला ग्रीसचा हात देऊन जपून ठेवली आहे. रिमवरची खाच संपेल तेव्हा नाहीतरी तारा सोडवाव्याच लागतील. त्या वेळी नवी रिम, नव्या तारा आणि ही बॉडी घेऊन चाक बांधायचे, आणि आज जुन्या बॉडीत घातलेले भाग तोवर कितपत टिकले आहेत ते बॉलपेनने तपासून मगच त्यात घालायचे की नाही ते ठरवायचे.